इंजिनाचं गोडं पाणी

लाँच घेतली त्या हंगामात मी जितकं पाणी ओतलं तितकं त्याआधी उभ्या आयुष्यात ओतलं नव्हतं. बालदी समुद्रात सोडायची, दोर ओढून वर घ्यायची, वाकून इंजिनाच्या पेटीत शिरायचं, रेडिएटरच्या तोंडावर ओलं गोणपाट टाकून झाकण सैल करायचं, वाफ तोंडावर येऊ नये म्हणून मान वळवायची आणि ओतायचं. पाणी आत गेलं की कोणी गुळण्या करत असल्यासारखा आवाज यायचा. जरा वेळ सगळं ठीक चालायचं. मग पेटीतून तापलेल्या लोखंडाचा वास येऊ लागायचा, तांडेल सुकाणूवरून माझ्याकडे बघायचा, आणि मी पुन्हा बालदी उचलायचो.

ते इंजिन मुळात बोटीचं नव्हतंच. लढाईत कुठल्याशा ट्रकला होतं. लढाई संपल्यावर ते भंगारात आलं, कोणीतरी एका जुन्या होडीच्या पोटात रेडिएटर-पंख्यासकट बसवलं आणि तिला लाँच म्हणायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीनं ती घेतली. सोसायटी म्हणजे अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली थोडी घरं, त्यांचा म्होरक्या असलेला एक तांडेल, आणि लिहिता येतं म्हणून चिटणीस केलेला मी.

मी कोळी नव्हे. आमची केळीची आणि पानवेलींची वाडी, कोळीवाड्यापासून आगाशीच्या वाटेवर. लहानपणी घरात पुस्तकं नव्हती, पण माडीवर मामानं लपवलेली पत्रकं होती. पोलीस येण्याच्या भीतीनं ती सुक्या केळीच्या पानांखाली दडवलेली असत. मी वाचायला शिकलो ते त्यांवर. त्यामुळे जगात दोन प्रकारची माणसं असतात, राबणारी आणि दुसऱ्याच्या राबण्यावर बसून खाणारी, हे मला बाराखडीबरोबरच कळलं होतं. अर्नाळ्यात दुसऱ्या प्रकारचा नमुना शोधायला लांब जावं लागत नव्हतं. इंजिनाची लाँच आतापर्यंत एकट्या शेठकडे होती. जाळी समुद्रात खुंटांना बांधलेली. भरलेल्या जाळ्यातला बोंबील दुपारपर्यंत टिकत नाही, आणि वारा पडला की शिडाच्या होड्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा लगदा होतो. म्हणून शेठची लाँच समुद्रातच येऊन माल उचलायची, आणि भाव शेठ ठरवायचा. आपली लाँच असेल तर माल ताजा किनाऱ्याला येईल, बायका तो स्वतः आगाशीच्या आणि विरारच्या बाजारात विकतील. एवढी साधी गोष्ट. ती पटवायला मला दोन पावसाळे लागले होते.

आणि आता लाँच तापत होती.

शेठचा दिवाणजी एकदा किनाऱ्यावर येऊन गोड शब्दांत सांगून गेला होता. येत्या अमावास्येच्या उधाणाला लाँच चालली तर उत्तमच, शेठना आनंद आहे. नाही चालली तर सगळ्यांनी पूर्वीसारखं यावं, शेठ मनात काही ठेवणार नाहीत. फक्त लाँच तेवढी त्यांच्याकडे लावून द्यावी, पोरांना खेळायला बरी. उधाणात जाळी भरतात. त्या दिवसांत माल सडला तर सोसायटीतलं एकही घर माझं पत्रक ऐकायला थांबणार नव्हतं. हे मला माहीत होतं, तांडेलला माहीत होतं, आणि दिवाणजीला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

मुंबईहून फिटर आणला. ट्रकच्या गॅरेजमधला माणूस, हात चांगला, पण समुद्राशी त्याचं पटत नव्हतं. पहिल्या फेरीला तो इंजिन बघण्याऐवजी काठावर ओणवा होऊन ओकत होता. तांडेल म्हणाला, "मास्तर, इंजिनाचा रोग बघायला आलाव का आपला दाखवायला?"

फिटर तोंड पुसत म्हणाला, "पंख्याचा पट्टा ढिला हाय. बाकी काय नाय."

पट्टा आवळला. त्यानंतर तो लाँच किनाऱ्याला असतानाच काम करायचा, फेरीला येईना. लाँच तापली. मग पेटीत हवा जात नाही असं ठरलं. पेटीच्या फळ्या काढल्या. पंख्यानं फेकलेली गरम हवा आता आमच्या पायांवर येऊ लागली, पण लाँच तापली. रबराची नळी आतून दबत असेल म्हणून नवी घातली. इंजिन थंड असेपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारी एक छोटी झडप असते, ती चिकटली असेल म्हणून फिटरनं काढून खिशातच टाकली. लाँच तापली. प्रत्येक वेळी भरतीची वाट बघायची, ढकलत पाण्यात न्यायची, किल्ल्याच्या बेटाला वळसा घालायचा, वाफ आली की बंद करायची, आणि निवेपर्यंत लाटांवर हलत बसायचं. माझ्या डोक्यात मोठमोठी वाक्यं असायची, पण अशा वेळी तीही उन्हात वाळत बसायची. वल्ही मारणारे माझ्याशी बोलणं टाळत.

एकदा असेच बंद पडून बसलो होतो, तर शेठची लाँच जवळून गेली. तिच्या खलाशानं दोर दाखवला. "ओढून नेऊ काय?"

"नको," मी ओरडलो.

आमच्यातल्या एकानं वल्ह्यावर कपाळ टेकवलं. "चिटणीसाला इच्चार, वल्हं कोन मारनार."

"मीही मारतो."

"तू मार. आनि आमी तुला मारतो."

हसायचं त्राण कोणात नव्हतं. ओहोटी लागलेली, वारा समोरून. किनारा दिसत होता आणि येत नव्हता. मी वल्हं धरलं, तळव्याची सालं निघाली. पण तो दोर घेतला नाही याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या दोरानं आम्ही एकदा किनाऱ्याला लागलो असतो आणि कायमचे बांधले गेलो असतो. एवढं मात्र खरं, की तत्त्व माझं होतं आणि खांदे बऱ्याच जणांचे दुखले.

उधाण दोन-तीन दिवसांवर आलं तेव्हा फिटर म्हणाला, आता रेडिएटरच सोडवून बघतो. दुपारची ओहोटी होती. लाँच वाळूवर एका अंगावर कलंडली होती. कालपासून आतलं पाणी सोडून दिलेलं, लोखंड उन्हानं तापलेलं. आम्ही सगळे सावलीच्या बाजूला बसलो होतो. जवळच मांडवावर तांडेलीण आणि दोघी-तिघी बोंबील वाळत घालत होत्या. फिटरनं पाने लावून रेडिएटर मोकळा केला, दोघांनी उचलून बाहेर आणला, वाळूवर अंथरलेल्या शिडाच्या फडक्यावर उलटा केला आणि हलवला.

आतून खडखड आवाज आला. मग तोंडातून पांढरे खडे पडले. आधी एक-दोन, मग ओंजळभर. काही चपटे, नळ्यांच्या आकाराचे, काही नखाएवढे चौकोनी आणि चकचकीत.

ते काय आहे हे सांगायची गरजच नव्हती. मिठागरं सगळ्यांनी पाहिली होती. वाफ्यात समुद्र घ्यायचा, उन्हानं आटवायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा आटवायचा. मासे खारवायला आम्ही जे पोत्यांनी आणत होतो ते फडक्यावर पडलं होतं. महिनाभर आम्ही इंजिनात तेच केलं होतं. आटलं की ओतलं, आटलं की ओतलं.

तांडेलनं एक खडा जिभेवर ठेवला. "चांगला पिकलाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "चिटणीस, तुझ्या मामानं सरकारचा कायदा मोडून मूठभर मीठ उचललं तर त्याला तुरुंगात घातला. आपन एवढं पिकवलं, आपल्याला काय रं देतील?"

त्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो. फिटर मात्र हसला नाही. तो कपाळावर हात मारून घेत होता. "समुद्राचं पानी? रेडिएटरमध्ये समुद्राचं पानी? अरे, नळाचं घालायचं ना!"

"नळ कुठं हाय?" तांडेलनं शांतपणे विचारलं.

होडीवर गोडं पाणी एका लाकडी पिंपात असतं, आणि पिंप तांडेलच्या पायाशी. त्यातलं पाणी तोंडासाठी. त्यानं हात धुवायचे नाहीत, भांडं विसळायचं नाही, भाताचे तांदूळसुद्धा समुद्राच्या पाण्यानं धुवून मग त्यात गोडं पाणी मोजकं घालायचं. पोर पहिल्यांदा होडीवर येतं तेव्हा त्याला जाळ्याच्या आधी हे शिकवतात. आम्हा कोणालाही इंजिनाला त्या पिंपातलं पाणी घालायचं सुचलं नाही, जसं घराच्या भिंतींना दूध पाजायचं कोणाला सुचणार नाही. पुढे फिटर मुंबईत जाऊन हा किस्सा सांगत असेल, तेव्हा ऐकणारे आम्हाला अडाणी म्हणत असतील. म्हणोत. ज्यांच्या घरात तोटी फिरवली की पाणी येतं त्यांना ते कळायचं नाही.

रेडिएटर तांब्याचा म्हटल्यावर आतलं किटण काढायला चिंच कोणालाही सुचली असती. चिंचेच्या कोळाचं कढत पाणी घालून ठेवलं, ओतलं, पुन्हा घातलं. काळा-हिरवा गाळ निघत राहिला. फिटर म्हणाला, "सगळं नाय निघणार. अर्ध्या नळ्या तरी मोकळ्या झाल्या. आता फक्त गोडं पानी घालायचं. तरी ट्रकसारखा समोरून वारा नाय, पानी उडणारच. फेरीला आठ-दहा डबे जवळ ठेवा."

तोपर्यंत मान खाली घालून काम करणारी तांडेलीण उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "कोन आननार?"

फिटरला प्रश्न कळला नाही. आम्हाला कळला. कोळीवाड्यातल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी आमच्या वाडीच्या विहिरीवरून यायचं. सकाळी रहाट चालू असताना त्याच्या पन्हळीखाली बायका हंडे धरायच्या आणि डोक्यावर दोन-दोन घेऊन वाळूतून परत जायच्या. एकेका घराला अशा दोन खेपा. मग मासळीची पाटी घेऊन बाजार. गाड्या होत्या, पण पहाटे त्या केळी-पानं घेऊन स्टेशनला जात, आणि वाळूत चाक रुततं ते रुततंच.

"थोडे दिवस आना," एक जण म्हणाला. "घरटी एक खेप जास्त. उधाणापुरती."

"उधाणापुरती," तांडेलीण म्हणाली. "आनि मागून?"

"मागून बघू."

"मी बघून ठेवलंय. घरात तोंडं काय कमी होती म्हनून तुमी हा एक नवा पोर आनलाव? रडतो, पितो, परत रडतो. ज्याचा पोर त्यानं पाजावा."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष हसले नाहीत.

तांडेल म्हणाला, "अगो, लाँच नाय चालली तर बाजार तुझाच बुडेल. शेठ परत उरावर बसेल."

"कलतंय मला. बाजार माझाच. माझ्या बांगड्या हायत त्या लाँचीत." ती लाँचकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "वाडीवाल्या, तू सभेत काय बोल्ला व्हतास? यंत्र आलं की बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. बोल्ला व्हतास का नाय?"

"बोललो होतो, काकी."

"मग उतरव."

मी बोललो होतो. छापलंही होतं, मोठ्या टायपात. एखाद्यानं आपलं वाक्य आपल्यालाच परत वाचून दाखवावं यासारखी दमवणारी गोष्ट नाही. ती म्हणत होती त्यात काही खोडायला जागा नव्हती. मी तिथल्या तिथं सांगितलं, की इंजिनाचं पाणी पुरुषांनी आणायचं. चिटणीस या नात्यानं मी ठराव मांडतो.

ठरावाला उत्तर म्हणून एक जण वाळूत थुंकला. दुसरा म्हणाला, "पान्याला जायचं? हंडा कमरेवर घेऊ का डोक्यावर, ते पन ठरावात लिव." समुद्रात बुडून मरायला न भिणारी ती माणसं, पण रहाटाखाली हंडा धरताना कोणी पाहील या विचारानंच त्यांची तोंडं कसनुशी झाली होती. तांडेलनं फडक्यावरचं मीठ गोळा करून पदरी बांधावं तसं पंच्याच्या टोकाला बांधलं आणि घरी गेला.

उधाणाच्या दिवशी पहाटे मी रॉकेलचे दोन धुतलेले डबे कावडीला लावून आमच्याच विहिरीवर गेलो. मला वाटलं होतं अवघड वाटेल ते लाजेनं. अवघड होतं ते वजनानं. वाळूत पाऊल मागे सरकतं आणि कावड पुढे झुकते. पहिली खेप लाँचपाशी ठेवून परतलो तेव्हा खांदा सुन्न झाला होता. एकट्यानं भरतीच्या आत पुरेसं पाणी होणार नव्हतं, हे साधं गणित मला वाटेतच उमगलं. तरी मी दुसऱ्या खेपेला रांगेत उभा राहिलो. बायकांनी मला पुढं जाऊ दिलं नाही. बरोबर होतं.

मग कोणीतरी पुटपुटलं आणि सगळ्या वाटेकडे बघू लागल्या. तांडेल येत होता. मासळीची टोपली दोघांनी वाहायचा बांबू खांद्यावर, त्याला दोन डबे, डोक्यावर तांबडी टोपी, नजर समोर.

"अगो बघा बघा," एक म्हातारी ओरडली, "नवी सून आली पान्याला!"

"सासू कोन ते दाखव," तांडेल म्हणाला, "पाया पडतो."

"पडशील पडशील. आधी डबा विसळ. आमच्यात सुना डबा विसळून भरतात."

त्यानं डबा विसळला. रांगेत माझ्यामागे उभा राहिला. त्याच्यामागून आणखी दोघं आले, वल्ह्यावर कपाळ टेकवणारा आणि वाळूत थुंकणारा. बाकीचे आले नाहीत. तांडेलीण हंडे भरून आमच्या शेजारून गेली, नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

भरतीला लाँच निघाली. डब्यांची रांग पेटीला टेकवून ठेवली होती. खुंटांपर्यंत पोचायला एक डबा लागला. जाळी भरून होती. होड्यांतून माल आमच्याकडे ओतता ओतता लाँच काठापर्यंत खाली बसली. शेठची लाँच थोड्या अंतरावर इंजिन बंद करून उभी होती, वाट बघत. मालाच्या वजनानं परतीला इंजिन जास्तच तापलं. दुसरा डबा, तिसरा, मग एकामागून एक. किल्ल्याच्या बेटाच्या अलीकडे शेवटचा डबा उपडा केला आणि पेटीतून पुन्हा तोच वास येऊ लागला. ऊन डोक्यावर, बोंबील खाली चमकत होते, अजून कडक होते. तासाभरात नसते राहिले.

माझा हात सवयीनं दोराच्या बालदीकडे गेला. "ते नको," तांडेल म्हणाला. त्यानं सुकाणू मांडीनं दाबून धरलं, पायाशी वाकला आणि पिंपाचं झाकण काढलं.

सगळे बघत होते. पहाटेपासून कोणी घोटभर प्यायलेलं नव्हतं, माल चढवून घसे सुकले होते. इतक्या वर्षांत त्या माणसानं त्या पिंपातलं पाणी कोणाच्या हातावरही घातलं नव्हतं. त्यानं करवंटी आत बुडवली नाही, पिंपच कवेत उचललं आणि माझ्याकडे दिलं.

"आधी त्याला पाज," तो म्हणाला. "आपन मागनं बघू."

मी ओतलं. शेवटी तळाला राहिलेलं थोडं पिंप हलवून ओतलं. वास हळूहळू कमी झाला. शेठच्या लाँचीचा खलाशी या खेपेला दोर दाखवायला आला नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली होती. बायका टोपल्या घेऊन पाण्यात आल्या, माल हातोहात उतरला, ताजा, आणि आरडाओरड्यात सगळ्या आगाशीच्या वाटेला लागल्या. तांडेलीण मागे राहिली. तिच्या कमरेवर हंडा होता. तिनं आधी नवऱ्याच्या ओंजळीत ओतलं, मग एकेकाच्या, मग माझ्या.

"हे तुमचं हां," ती म्हणाली. "यातलं त्याला एक थेंब घालायचं नाय."

"नाय घालत, काकी."

"उद्या भरती जरा उशिरा हाय. विहिरीवर येशील ना वेलेवर? का सभा हाय?"

मी येतो म्हणालो. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि इतर बायकांना गाठायला निघाली. वाळूवर ओढून घेतलेल्या लाँचचं इंजिन निवताना टकटक वाजत होतं. तांडेल तिच्या सावलीत तोंडावर पंचा टाकून आडवा झाला होता. झोपल्यासारखा दिसत होता, पण माझी चाहूल लागताच त्यानं पायानं रिकामे डबे माझ्याकडे सरकवले.